काचेवरची हळद

मी एक जुना टीव्ही आहे. वामनरावांना पहिला नातू झाला, ते सत्त्याऐंशी साल. त्या आनंदात त्यांनी मला शेगावहून जीपमधून, गोधडीत गुंडाळून, वडनेर भोलजीला आणलं. लाकडी पेटी, दोन सरकती दारं आणि काळीपांढरी चित्रं, एवढाच माझा संसार.

मित्रांनो, संध्याकाळी माझी दारं सरकली की सारी गल्ली ओसरीवर जमायची. वारा सुटला की काचेवर मुंग्या धावायच्या, मग कोणीतरी छपरावर चढून अँटेना फिरवायचं.

वामनरावांची बहीण झुंबरबाई मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची. ऐन तरुणपणी विधवा होऊन ती माहेरी परतली होती. भावाची धाकटी लेक सिंधू तिनंच वाढवली. तरी मंगलकार्यात ती मागंच. हळद दळायची तिनं, लावायची सवाष्णींनी.

माझ्या काचेतही तोवर कितीतरी विधवा येऊन गेल्या. पांढरं लुगडं नेसायचं, फोटोपुढं रडायचं. दुसरं काम त्यांना कोणी दिलंच नव्हतं. त्या आल्या की झुंबरबाई भाकरी थापायला उठून जायची.

मग एका मालिकेत सत्यभामा आली. विधवाच, पण शिवणयंत्र चालवणारी, एसटीच्या कंडक्टरशी भांडणारी, आणि बोलणं थेट वऱ्हाडातलं. ती खदखदून हसली तेव्हा झुंबरबाईच्या हातातली परात हातातच राहिली.

"माय वं! हे तं आपल्यासारखी बोलते!"

त्यानंतर ती उंबऱ्यावरून थोडीथोडी पुढं सरकू लागली. शेजारच्या अन्नपूर्णाबाई चिडवायच्या, "काऊन वं झुंबर, आता काचात घुसतं काय?"

"घुसली असती वं, जागा असती तं."

सत्यभामा आजारी पडली तेव्हा झुंबरबाईनं शेगावला नारळ बोलला. ती बरी झाल्यावर तो फोडून आली, आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या काचेपुढं ठेवला. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

पुढं सिंधूचं लग्न ठरलं. मालिकेतही सत्यभामेच्या भाचीचं लग्न आलं. सत्यभामेनं हळदीच्या वाटीत बोटं बुडवली, मांडवातल्या बायका कुजबुजल्या, आणि तिचा हात वर असतानाच तो भाग संपला.

पुढच्या भागाला नेमकी वीज गेली. तिनं हळद लावली की हात मागं घेतला, गावात कोणालाच कळलं नाही. मलाही नाही. वीज नसली की मी नुसती पेटी. झुंबरबाई भेटेल त्याला विचारायची, "तुमी पाह्यलं काय? लावली काय तिनं?"

हळदीच्या दिवशी सिंधू पाटावर बसली. झुंबरबाई वाटी ठेवून नेहमीसारखी मागं वळली.

"आत्या, लावली तिनं," सिंधू म्हणाली.

"कोनं?"

"सत्यभामेनं. माह्या मैत्रिणीनं नांदुऱ्याले पाह्यलं. कोनी काईच बोललं नाही म्हने. आता तू लाव. पयली तुही."

अन्नपूर्णाबाई उठल्याच. "असं कदी होते काय वं, पोरी?"

"मंग मी बिनहयदीचीच जाईन सासरी."

सिंधूच्या आईनं, रुखमाबाईनं, वाटी उचलून नणंदेच्या हातात दिली. झुंबरबाईची बोटं सिंधूच्या गालाला लागली. मग ती माझ्याकडं आली आणि माझ्या काचेच्या कोपऱ्याला बोट टेकवून म्हणाली, "घे वं, तुले बी."

माझ्याकडं पिवळा रंग नव्हताच. तो मला त्या दिवशी पहिल्यांदा लागला.

मालिकेच्या त्या संध्याकाळी नांदुऱ्यालाही वीज नव्हती. सिंधूनं हे फार वर्षांनी, माझी धूळ झटकताना, स्वतःशीच हसत सांगितलं.

सिंधूच्या लग्नानंतर रंगीत टीव्ही आला आणि मी माळ्यावर गेलो. दुपारी कौलांच्या फटीतून ऊन उतरतं, काचेचा तेवढाच कोपरा उजळतो, आणि आतून शिवणयंत्राचा आवाज आल्यासारखा वाटतो.

मित्रांनो, माळा आवरायला आलात तर माझी काच जरूर पुसा, पण खालचा डावा कोपरा राहू द्या. आणि मोठेपणी तुम्ही गोष्टी रचाल, तेव्हा उंबऱ्यावर कोण बसलंय, तेही एकदा वळून पाहा.

झुंबरबाई नव्व्याण्णव सालच्या पौषात वारली.