भोक पडलेला पास

मित्रांनो, मी एक जुना पास आहे, आणि माझ्यावरच्या फोटोत जिथे तोंड असायला हवे तिथे एक गोल भोक आहे. शाळेतल्या पास-नापासाशी माझा काही संबंध नाही. कंपनीच्या कागदांत मला ‘कर्मचारी ओळखपत्र’ असे भारदस्त नाव आहे. पण ज्या घरात माझी खरी किंमत झाली, तिथे मला पासच म्हणत. म्हणून मीही स्वतःला पास म्हणतो.

माझा जन्म विमान कंपनीच्या कार्यालयातल्या एका कोंदट खोलीत झाला. विमानात प्रवाशांची देखभाल करण्याच्या नोकरीवर रुजू झालेली एक मुलगी त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बसली होती. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो, तेव्हा आपणही ताईच म्हणू. फोटोवाला म्हणाला, “दात दिसता कामा नयेत.” झाले! तेवढ्यावरून ताईला हसू फुटले. तीन फोटो वाया गेले. चौथ्या वेळी तिने ओठ घट्ट मिटून हसू कसेबसे आत दाबले आणि तोच फोटो माझ्या अंगावर छापला गेला. यंत्रातून मी गरम गरम बाहेर पडलो, तेव्हा तिने मला गालाला लावून पाहिले. त्या क्षणापासून मी तिच्या गळ्यातला झालो.

ताईचे घर एका गावात आणि नोकरी दुसऱ्याच शहरात. आमच्या कंपनीची विमाने तिच्या गावाला जातच नव्हती. त्यामुळे घरी जायचे तर दुसऱ्या कंपनीच्या विमानात एखादी जागा रिकामी उरली आहे का, हे विचारत फिरावे लागे. विमानवाले एकमेकांना अशी उरलीसुरली जागा देतात. पण त्या जागेपर्यंत पोहोचण्याआधी सुरक्षा तपासणी असते, आणि तिथे माझी परीक्षा असे. कामावर असताना सगळे सोपे होते. कर्मचाऱ्यांच्या दारातल्या यंत्राला मला टेकवले की हिरवा दिवा लागायचा आणि दार उघडायचे. दुसऱ्यांच्या विमानाने घरी निघालो की मात्र प्रत्येक विमानतळाची तऱ्हा वेगळी. कुठे त्याच दाराने आत सोडत. कुठे म्हणत, “गणवेश आहे, पण ड्युटी नाही. म्हणजे तुम्ही आज प्रवासी.” मग बूट काढा, पट्टा काढा, बॅग उपसा. सकाळी कर्मचाऱ्यांच्या दारातून बिनबोभाट गेलेली पाण्याची बाटली दुपारी प्रवाशांच्या रांगेत धोकादायक ठरायची आणि कचऱ्याच्या डब्यात जायची. बाटली तीच, पाणी तेच, ताईही तीच. तिने याबद्दल कधी तक्रार केली नाही, कारण ती फाटकावरच्या माणसाची मुलगी होती.

तिचे बाबा एका कारखान्याच्या फाटकावर छत्तीस वर्षे पहारेकरी होते. पास पाहिल्याशिवाय त्यांनी कुणाला आत सोडले नाही. एकदा खुद्द मालकांचे जावई पास विसरून आले, तर बाबांनी त्यांना तासभर उन्हात उभे केले. ही गोष्ट ते इतक्यांदा सांगत की घरातल्यांना ती तोंडपाठ झाली होती.

पुढे बाबा निवृत्त झाले. ताईची आई गेली. मग हळूहळू बाबांची आठवण दगा देऊ लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग शेजाऱ्यांची नावे आठवेनात. एके दिवशी ताई घरी पोहोचली, तर बाबा दारात खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी हात पुढे करून विचारले, “पास?”

ताई आधी हसली. मग तिच्या ध्यानात आले की ही थट्टा नव्हे. तिने मला गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिले. बाबांनी मला उलटून पाहिले, सुलटून पाहिले, उजेडात धरले. मग म्हणाले, “हं. हसू दाबलंय. म्हणजे आपलीच पोर. जाऊ द्या आत.”

तेव्हापासून हा शिरस्ताच पडला. भावाचे ते ऐकेनासे झाले, त्याला तर ते ओळखतही नव्हते. जेव्हा बघावे तेव्हा दारात पहारा. पण ताई आली, मला पुढे केले आणि म्हणाली, “बाबा, तुमची ड्युटी संपली. आता मी बसते,” की ते निमूट उठत, हातपाय धूत, पोटभर जेवत आणि शांत झोपत. भाऊ म्हणायचा, “ताई, या पासाला सोन्यानं मढवलं पाहिजे.” मित्रांनो, हे ऐकून मी फुगून जायचो. एका माणसाला त्याची मुलगी परत मिळवून देणे ही काय लहानसहान गोष्ट आहे?

पण माझ्या अंगावर फोटोखाली एक तारीखही छापलेली होती आणि ती तारीख येऊन ठेपली. ताईला नवा पास मिळाला. त्यातल्या फोटोत तिला चष्मा होता, केस कापलेले होते, आणि हसू दाबायची गरजच पडली नव्हती. कार्यालयातल्या बाईंनी जुना पास परत मागितला. ताईने मला घट्ट मुठीत धरले आणि त्यांच्या कागदावर लिहिले, ‘हरवला’. ती कधी खोटे बोलत नसे. पण त्याआधीच्या सुट्टीत नव्या पासासाठी काढलेला फोटो बाबांना दाखवून पाहिला होता, तेव्हा ते म्हणाले होते, “नव्या फोटोचा भरवसा नाही. बाहेर थांबा.” मग ती काय करणार? तिने एकाच पाकिटात पुढे नवा पास आणि मागे मला घातले आणि आम्हा दोघांना गळ्यात अडकवले.

मग तो दिवस आला. सकाळचे काम आटपून ताई विमानातून उतरली, तोच भावाचा फोन. “ताई, बाबा कालपासून खुर्चीवरून उठले नाहीत. पाण्याचा घोटही घेत नाहीत. हात लावला तर चोर चोर म्हणून ओरडतात. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर हाताबाहेर जाईल. तू ये गं. पास घेऊन ये.”

दुसऱ्या कंपनीच्या विमानात एकच जागा उरली होती आणि पंचवीस मिनिटांत दार बंद होणार होते. प्रवाशांची रांग मारुतीच्या शेपटासारखी लांब. या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या दाराने जायला परवानगी होती, म्हणून ताई तिकडे धावली. धावताना गळ्यातले पाकीट उलटे झाले. तिने न बघता ते यंत्राला टेकवले. यंत्राला नवा पास नाही, मी लागलो.

लाल दिवा पेटला. पहाऱ्यावरच्या तरुणाने पडद्यावर पाहिले आणि म्हणाला, “ताई, हा पास हरवल्याची नोंद आहे. हरवलेला पास तुमच्याच गळ्यात कसा?”

ताईने घाईघाईने नवा पास काढून दाखवला. बाबांचे सगळे सांगितले. तो तरुण कासावीस झाला, पण दारातून हलला नाही. “मला पटतंय हो तुमचं. पण नोंद झाली आता. साहेब येईपर्यंत मला नाही सोडता येणार.”

ताईला त्याचा रागही धड करता येईना. बाबांनी तरी दुसरे काय केले असते? ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि घड्याळाकडे बघत राहिली. विमानाचे दार बंद व्हायची वेळ आली आणि गेली. साहेब आले ते त्यानंतर.

साहेब माणूस भला होता. सगळे ऐकून घेऊन म्हणाले, “खरं म्हणजे हा जप्त करायला हवा. पण वडिलांसाठी घेऊन जा. फक्त नियमाप्रमाणे भोक पाडावं लागेल.”

“कोपऱ्यात पाडा, साहेब,” ताई म्हणाली. “फोटोत नको.”

“फोटोतच पाडायचं असतं, बाई.”

कट्ट असा आवाज झाला. मला दुखले नाही. पण ते दाबलेले हसू एका गोल टिकलीएवढे होऊन टेबलावर पडले आणि साहेबांनी फुंकर मारून ते खाली उडवले.

आम्ही घरी पोहोचलो ते दुसऱ्या दिवशी. बाबा खुर्चीतच होते. ओठांना भेगा पडलेल्या, पाय सुजून टम्म झालेले. भाऊ मागे ओला रुमाल घेऊन उभा होता. ताई गुडघे टेकून खाली बसली आणि तिने मला त्यांच्यासमोर धरले. भोकावर तिने अंगठा ठेवला होता.

बाबांनी बराच वेळ पाहिले. मग खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, “बोट काढा.”

छत्तीस वर्षांत असले अंगठे त्यांनी थोडे पाहिले असतील का? ताईने बोट काढले. बाबांनी भोकातून आरपार पाहिले. “पास रद्द झालाय. आत सोडता येणार नाही.”

“बाबा, मी आहे. तुमची ड्युटी संपली. आता मी बसते.”

“रद्द पासवाल्याच्या हातात फाटक देत नसतो मी,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “तुम्ही कुणाकडच्या?”

ताई उंबरठ्याबाहेर पायरीवर बसली. दुपारी बाबांची मान कलली, तेव्हा भावाने त्यांना उचलून दवाखान्यात नेले. तिथे ते पाच दिवस होते. ताई उशाशीच बसून होती. नर्सने विचारले, “आजोबा, या कोण?” तर ते म्हणायचे, “बाहेरच्या आहेत. आत कशा आल्या?” सहाव्या दिवशी ते गेले. शेवटपर्यंत त्यांनी तिला आत घेतले नाही.

आता मी घरातल्या एका खणात पडून असतो. ताई अजून नोकरी करते. तिचा नवा पास कुठेही अडत नाही, सगळीकडे हिरवा दिवा लागतो आणि सगळी दारे उघडतात. घरी आली की ती मला बाहेर काढते, भोकावर अंगठा ठेवून पाहते आणि परत खणात ठेवते.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी म्हणायचे असते की जुन्या वस्तू जपून ठेवा. मी तसे म्हणणार नाही. मला जपूनच तर हे सगळे झाले. मी एवढेच सांगतो की तुमचे कुणी दूर राहत असेल, तर आज जा, उद्यावर टाकू नका. तुम्हाला नुसते दारात बघून जे “आलास का, आलीस का” म्हणतात, त्यांच्याकडे जा. ते तुम्हाला पास न मागता आत घेतात, तोवरच जा.