फुकट वाटलेली रीत

साल १९९९. दसऱ्याच्या सकाळी दौंडच्या आपल्या टायपिंग क्लासात शेवंताबाईंनी टाइपरायटरांना कुंकू लावलं, नव्या कॉम्प्युटरला लावलं, आणि पुण्याहून विकत आणलेल्या सीडीच्या डबीलाही लावलं. मोठ्या फायली दाबून फ्लॉपीत बसवणारा प्रोग्रॅम त्या सीडीत होता. हळदीची वाटी आणायला त्या आत गेल्या. परत येतात तो, हाताखाली शिकवणारी माया कॉम्प्युटरवरून काहीतरी भराभर पुसत होती.

"आज विहारात तुमचा कार्यक्रम, आन् तू हितं?"

"जरा काम होतं, बाई."

"पूजेच्या दिवशी मशिनीला हात? काय पुसलंस?"

"आपला जुना प्रोग्रॅम काढला. दुसरा टाकलाय. फुकटचा हाय."

"फुकटचा?"

"अमेरिकेत एका कंपनीनं फायली दाबायच्या रीतीवरच पेटंट घेतलंय. मग काही जणांनी दुसरी रीत काढली, आन् समद्यांना वाटून टाकली."

"रीतीवर हक्क! उद्या माझ्या मासवडीवर सांगतील. आन् वाटून टाकली म्हणं! अगं, शेजारीण विरजणसुद्धा दोनदा इचारून देती."

माया हसली. शेवंताबाई हसल्या नाहीत. तीस वर्षांत क्लासातून रिबिनी गेल्या होत्या, कार्बनचे गठ्ठे गेले होते. नेणारं प्रत्येक माणूस आधी असंच हसलं होतं.

"माझा प्रोग्रॅम कुणाला इकलास?"

मायाची नजर कुंकू लावलेल्या सीडीच्या डबीवर गेली. ती काही बोलणार होती.

"कुणाला न्हाई," एवढंच म्हणाली.

"उद्यापासनं येऊ नको."

तिनं क्लासची चावी टेबलावर ठेवली आणि चपला घातल्या.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून चोरीचे प्रोग्रॅम शोधणारा तपासणीचा माणूस आला. त्यानं कॉम्प्युटर उघडला, नव्या प्रोग्रॅमसोबतचा मजकूर शेवटपर्यंत वाचला.

"हा चालतो. कुणीही वापरावा, कुणालाही द्यावा, असं त्यांनी लिहूनच दिलंय. बाजारपेठेतल्या क्लासात फुटपाथवरची बिनबिलाची सीडी निघाली, मशिन उचललं. तुमच्याकडे आहे तसली?"

शेवंताबाई पदर सावरत, डबी ठेवलेल्या कपाटासमोर सरकल्या.

"न्हाई."

दुपारच्या एसटीनं त्या मायाच्या गावी, खुटबावला गेल्या. माया ओट्यावर मेथी निवडत होती.

"तुला ठावं होतं. मंग बोलली का न्हाईस?"

"तपासणी सुरू झाल्याचं आदल्या दिवशी कानावर आलं. पण सणाच्या दिवशी तुमच्या पूजेतल्या वस्तूला चोरीची म्हणू? आन् म्हणले असते, तरी तुम्ही कुणाचं खरं मानलं असतं, बाई? माझं का डबीचं?"

शेवंताबाईंनी तांब्यातलं पाणी सावकाश संपवलं. मग कनवटीची चावी काढून मेथीच्या जुडीशेजारी ठेवली. निघताना मायानं ती त्यांच्या हातात परत दिली.

तपासणीचा माणूस पुन्हा कधी आला नाही. माया कुरकुंभच्या एका कारखान्यात स्टोअरला लागली, आणि चार वर्षांनी त्याच गावात तिनं स्वतःचा क्लास काढला. शेवंताबाईंचे डोळे अधू झाले. २००५ साली त्यांनी दौंडचा क्लास बंद केला. उरलेल्या अकरा पोरींना त्यांनी स्वतःच्या हातानं कुरकुंभचा पत्ता लिहून दिला.

"तुमची चिठ्ठी द्या ना, बाई," तेजश्री नावाची पोर म्हणाली. "कुणी पाठवलं इचारलं तर?"

"नुसती जा," शेवंताबाई म्हणाल्या. "ती इचारायची न्हाई."