शिवमनं बॉल हातात धरला

शिवम फुटबॉलमध्ये बॅकला कुठंही खेळायचा. डावीकडे, उजवीकडे, मधोमध. गोलकीपरचं बोट मोडलं तर हातमोजे चढवून तिथंही. पण दर्यापूरच्या टीमला त्याची खरी किंमत तोंडामुळे. समोरच्या फॉरवर्डला चिकटून अशा शिव्या हासडायचा की त्याचं डोकं फिरलंच पाहिजे. कोच म्हणायचा, "तोंडानं मार्किंग कर." आणि हा शहाणा करायचा.

पाच वर्षांपूर्वी अमरावतीच्या मैदानावर त्याच्यासमोर धारणीकडचा बिसराम आला. कोरकू आदिवासी गडी, काळाकुळकुळीत, पायांत वारं. शिवम सत्तर मिनिटं त्याच्या कानात "माकडा, जंगलात जाय" म्हणत राहिला. शेवटी बिसराम चिडून वळला आणि शिवमचं कोपर त्याच्या जबड्यावर बसलं. हाड दोन ठिकाणी मोडलं. दर्यापुरात शिवमची मिरवणूक निघाली. लाज वाटायची गोष्ट, पण त्या दिवशी एकालाही वाटली नाही.

शिवमला वाटली, तीही उशिरा. तीन महिन्यांनी परतवाड्याच्या स्टँडवर बिसराम नळीनं वरणाचं पाणी पिताना दिसला. त्यानंतर शिवम मैदानोमैदानी, शाळाशाळांतून एकच नियम सांगत हिंडला. रंगावरून, जातीवरून शब्द आला की कॅप्टननं बॉल हातात धरायचा, खेळ बंद. लोक हसले. हसणारच की! तरी अकरा टीमांनी नियम मान्य केला. तोवर शिवम दर्यापूरचा कॅप्टन झाला होता. बिसरामही अखेर दर्यापूरकडून खेळायला आला, एका अटीवर. "बॉल तूच धरशीन. दुसरा कोनी नाई."

अकोल्याची फायनल. बिसरामच्याच गोलनं दर्यापूर पुढं, आठ मिनिटं बाकी. बिसरामचा एक पास चुकला आणि दोरीमागून आवाज आला, "अबे माकडा, झाड दिसलं का?" हा आवाज शिवम जन्मापासून ऐकत होता. त्याचा बाप, खुशालराव. मागोमाग दोरीमागची सगळी दर्यापूरची पोरं हुप्प हुप्प करू लागली. बिसराम थांबला आणि फक्त शिवमकडे बघत राहिला.

बॉल शिवमच्या पायाशी होता, स्वतःच्याच गोलसमोर. रेफरीच्या पुस्तकात शिवमचा नियम नव्हता; तिथं हात लावला की पेनल्टी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवमनं वाकून बॉल दोन्ही हातांनी उचलला.

शिट्टी वाजली. त्याच्याच गोलकीपरनं त्याच्या तोंडावर बुक्की हाणली. दोरी तुटली, आणि झेंड्याचा बांबू घेऊन खुशालराव मैदानात घुसला.

"बापाची इज्जत घालवून राहिला बे?" पहिला फटका पाठीत, दुसरा कानावर. रक्त मानेवरून गळलं. कधीकाळी यापेक्षा कमीत लोकांची हाडं मोडणारा शिवम हात न उचलता उभा राहिला. "बाबा, त्याची माफी मांगा."

तिसरा फटका बिसरामनं हवेतच पकडला. बांबू हिसकावला आणि खुशालरावच्या डोक्यावर उगारला. वीसेक माणसं दगडांसाठी वाकली.

शिवमनं बॉल टाकला आणि मधे घुसला. बांबू त्याच्या हातावर बसला, हाड मोडल्याचा आवाज दोरीपर्यंत गेला. तो गुडघ्यांवर बसला.

"काहून आला मधात? बाप हाये म्हनून?" बिसराम बांबू तसाच धरून ओरडला.

"तुह्यासाठी आलो. मांगं पाय, गोटे घेऊन उभे हायेत. जित्ता जाऊ देनार नाई तुले."

बिसरामनं मागं पाहिलं. बांबू खाली टाकला आणि शिवमला खेटून मातीत बसला. माफ केलं नव्हतं त्यानं, इतकं स्वस्त नसतं ते.

"आता मारा," तो खुशालरावला म्हणाला. "दोघालेई मारा."

खुशालरावनं पोराचा लोंबणारा हात पाहिला. माफीचा शब्द काही त्याच्या तोंडून फुटला नाही. पण दगड घेऊन पुढं आलेल्या पहिल्या माणसाला त्यानं छातीवर हात ठेवून मागं ढकललं.