खुर्चीत कोणी नसताना

इलारीची बाबागाडी बाल्कनीत ढकलली आणि लोकरीची टोपी त्याच्या भुवयांपर्यंत ओढली. बाहेर उणे सात. इकडे सगळेच बाळांना असं बाहेर झोपवतात; थंडीत माझं लेकरू दोन-अडीच तास गाढ झोपतं. तेवढेच तास माझे.

लॅपटॉपवरून ऑफिसातल्या माझ्या कॉम्प्युटरला जोडून घेतलं. पासवर्ड चालला आणि पडदा काळा झाला. दहा सेकंदांत संपर्क तुटला. आज तिसरा दिवस. माझ्या पुलाचं रेखाचित्र त्या मशीनच्या पोटात अडकलेलं.

रिस्टोचा, आमच्या साहेबाचा, फोन आला. "हेन्रीका, शुक्रवारपर्यंत चित्र आलं नाही, तर सोमवारपासून इथे येऊन बस. बाळाला पाळणाघरात टाक."

"दहा महिन्यांचा आहे रे तो."

"माझे दोघे नवव्या महिन्यातच गेले."

"गेले नाहीत. तू पाठवलेस."

त्याने फोन ठेवला. मी मशीनांची देखभाल करणाऱ्या वेइक्कोला लावला.

"बाई, तुझ्या घरचं नेट रडतंय," तो म्हणाला. "मी स्वतः तुझ्या खुर्चीत बसून पाहिलं. मशीन झकास आहे."

"मग याच नेटवरून माझ्या शेजारी बसणाऱ्या सैलाचं मशीन लख्ख कसं उघडलं? तिला विचारूनच जोडलं होतं. तुझी सोमवारची ईमेल वाच. माझ्या ग्राफिक्स कार्डावर नवा ड्रायव्हर चढवलास, तिच्या मशीनवर अजून जुनाच आहे. समोर बसलेल्याला तो चित्र दाखवतो, लांबून बघणाऱ्याला काळोख. खुर्चीत कोणी नसताना बघ ना!"

"आता दोनच्या कॉफीची सुट्टी आहे."

"मग कॉफी घे की. लॅपटॉप बरोबर ने आणि तिथूनच जोड."

फोनवर कपांची किणकिण. दालचिनीचा शेवटचा बन कोणी खाल्ला यावरून वाद. मग वेइक्को पुटपुटला, "अरेच्चा."

"काय दिसतंय?"

"काळं."

"म्हणजे ऑफिसचंही नेट रडतंय?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

जुना ड्रायव्हर परत बसवायला त्याला वीस मिनिटं लागली. पडदा उजळला. माझा पूल सोडला होता तसाच, दोन खांबांवर उभा.

तोवर रिस्टोचा निरोप आला: "झालं म्हणे. तरी सोमवारी येऊन जा. घरून काम करण्याबद्दल समोरासमोर बोलू."

मी लिहिलं: "समोर बसून सगळं ठीकच दिसत होतं, रिस्टो. त्यातच तीन दिवस गेले. मी येणार नाही. बोलायचं असेल तर सोमवारी एक वाजता तूच जोडून घे. चित्र शुक्रवारी मिळेल."

पाठवून टाकलं आणि पुलाच्या चित्राला लागले.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "एकला बैठक असते. दीडला जोडतो."

बाल्कनीत जाऊन इलारीच्या मानेशी बोट घालून पाहिलं. उबदार.

"झोप रे राजा," मी म्हटलं. "अजून पाऊण तास आहे आपल्याकडे."