अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

ग्रामसभेला जायचं नाही, ही कल्पना माझी होती. हे आधीच सांगते, म्हणजे माझा राग कुणाकुणावर आहे ते कळेल.

माझी रुचिका गावातल्या मराठी शाळेत पहिलीला होती. फेब्रुवारीत तिच्या वर्गाच्या स्लॅबचा तुकडा पडला. मधली सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं. तालुक्याहून इंजिनियर आला, दोन खोल्यांना कुलूप लावून गेला. मागून पत्र आलं : जूनच्या आत दुरुस्ती झाली नाही तर मुलं हायवेपलीकडच्या शाळेत पाठवा. पलीकडे म्हणजे नाशिक हायवे ओलांडून. वडप्याच्या गोदामांकडे वळणारे कंटेनर तिथे एकामागे एक लागलेले असतात. माझा नवरा विपुल त्यातल्याच एका गोदामात सुपरवायझर आहे. धडधाकट माणूस, तरी तो रस्ता ओलांडताना देवाचं नाव घेतो. माझी पोर सहा वर्षांची.

पंचायतीकडे पैसे नाहीत असं नाही. आमच्या भाताच्या शेतांवर आता गोदामं आहेत आणि त्यांची पट्टी येते. पण त्या वर्षी एकच मोठं काम होणार होतं. शाळेच्या खोल्या, नाहीतर वेशीवर कमान. कमान! दोन्ही बाजूंना सोंड वर केलेले हत्ती. सरपंच दीपेशभाऊंनी चित्रसुद्धा गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं, आणि खाली लोकांनी हात जोडले होते.

तीस एप्रिलला महिला ग्रामसभा झाली. आम्ही साठच्या वर बायका गेलो, एकमुखाने शाळा मागितली. ग्रामसेवक भाऊसाहेब मान हलवत लिहीत होते. दीपेशभाऊ फोनमधून डोकं वर न काढता म्हणाले, "वहिनी, पटावर पोरं किती? एकेचाळीस. कमान अख्खा तालुका बघेल."

"पोराच्या टालक्यात पडल्यावं पन अख्खा तालुका बघल," ठमाबाई म्हणाली. ठमाबाई शाळेत खिचडी शिजवते. तुकडा पडला तेव्हा पहिली धावली ती हीच.

"मावशी, तुमची खिचडी कुठे बंद होतेय? पलीकडे शिजवा."

त्यांच्यामागचे दोघे-तिघे फिदीफिदी हसले. माझं डोकं तिथेच फिरलं. बाहेर येऊन मी सगळ्यांना थांबवलं. म्हटलं, उद्या एक मेची मोठी ग्रामसभा आहे, तिला एकीनेही जायचं नाही. शंभर माणसं लागतात. गोदामांना सुट्टी नसते, पुरुष ड्युटीवर. आपण नसलो तर गणपूर्ती होणार नाही, आणि गणपूर्ती नाही तर सभा तहकूब.

"न जाऊन काय व्हतं गो?" ठमाबाई म्हणाली. "तोंडावं बोलाला पायजे."

"मावशी, कायदाच आहे तसा. मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं."

"मंग तुला ठाव," ती म्हणाली आणि गप्प झाली. तिला गप्प केल्याचं मला बरंही वाटलं, हे लपवत नाही.

एक मेला शाळेत झेंडावंदन आणि निकाल. रुचिका पास होऊन दुसरीत गेली. मुलं घरी पळाली आणि आम्ही बायका व्हरांड्यात बसून राहिलो. साडेअकराला पंचायतीचा शिपाई काळूराम सायकलवरून ओरडत गेला, "सभा तहकूब झाली वो!" आम्ही टाळ्या पिटल्या. निकालाचे पेढे पुन्हा फिरले. मी विपुलला मेसेजही केला : जिंकलो.

साडेबाराला काळूराम पाणी प्यायला आत आला.

"चला, उरकली एकदाची सभा," तो म्हणाला.

"कुठली सभा?"

"तहकूब केलेली. परत भरली ना बारा वाजता. अकरा जण व्हते. कमान मंजूर."

मी फोन काढला. सभेच्या नोटिशीचा फोटो मीच पंचायतीच्या फळ्यावरून काढला होता. मी सगळं वाचते हो, औषधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा दोनदा बघते. नोटीस मी विषय क्रमांक नऊपर्यंत वाचली होती. सहीच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.

मी ती ओळ मोठ्याने वाचली. पहिली ठमाबाईच बोलली.

"शिकलीस ना गो तू? आमी येत व्हतो. तू नको बोललीस."

मी उठले आणि पंचायतीत गेले. चपलांचे आवाज ऐकले तेव्हा कळलं, सगळ्या मागे येत होत्या. दीपेशभाऊ पायरीवर गाडीची किल्ली फिरवत उभे होते. "अरे वहिनी! यायचं ना सभेला. आम्ही अर्धा तास वाट बघितली तुमची." अर्धा तास. तो माणूस हे हसून म्हणाला, आणि बुलेटवर बसून गेलासुद्धा.

आत भाऊसाहेब डबा उघडत होते.

"भाऊसाहेब, आमची हरकत लिहून घ्या."

"हरकत सभेत नोंदवायची असते, ताई. तुम्ही सभेत नव्हता."

"काल होतो ना! शाळेचा ठराव केला ना आम्ही!"

"तो वाचून दाखवला. सभेने नोंद घेतली."

"अकरा जणांच्या सभेने?"

"नियमात आहे." तोंडात घास तसाच होता. "फार तर विशेष ग्रामसभा मागा. अर्ज करा. बोलवायची का नाही, ते सरपंच ठरवतील."

"करते. आत्ताच करते."

"एक अर्ज लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या."

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला होता की दारातली एक म्हातारी दचकली. "एक अर्ज फायलीत जातो आणि तिथेच मरतो. प्रत्येकीचा वेगळा अर्ज. प्रत्येकीला शिक्का मारून पोच."

"अहो, साठ अर्ज? आज सुट्टीचा दिवस आहे माझा."

"सभा घेतलीत ना सुट्टीच्या दिवशी?"

काळूरामला पाठवून शाळेतून कोऱ्या पानांच्या वह्या मागवल्या. लिहिता येणाऱ्या सातजणी निघाल्या. आम्ही जमिनीवर बसलो आणि तोच मजकूर पुन्हा पुन्हा लिहू लागलो. शेवटच्या ओळीपर्यंत. मी प्रत्येक कागद खालून वर वाचत होते. ठमाबाईने सही करायला बराच वेळ घेतला. तिचा अर्ज पहिला टेबलावर गेला.

भाऊसाहेबांनी डब्याचं झाकण लावलं, शाईचं पॅड पुढे ओढलं, शिक्का मारला.

"चारला जायचंय मला भिवंडीला," ते म्हणाले.

"जा की," ठमाबाई म्हणाली आणि पोच पदराला बांधत त्यांच्या दाराच्या मधोमध बसली. "आमचा झाला का जा."