माझ्या विणीतून गेलेला धूर

मित्रांनो, मी एक जुना सुती स्कार्फ आहे. माझा रंग एके काळी निळा होता, हे आता सांगूनही कोणाला पटणार नाही. आपली गोष्ट सांगणारे बहुधा आपले गुण सांगतात. मला मात्र माझे कौतुक थांबवायचे आहे.

मागावरून उतरलो आणि नारायण पेठेतल्या एका लहानशा दुकानात येऊन पडलो. तिथून सत्यशीलाबाईंनी मला घेतले. सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये त्या भूगोल शिकवायच्या. बिबवेवाडीहून रोज स्कूटरने जायच्या. पुण्यात बायका स्कूटरवर बसण्याआधी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, उघडे राहतात ते फक्त डोळे. घरी आल्यावर बाई मला बादलीत बुडवत, की पाणी काळे होई. "बघ, एवढं सगळं माझ्या छातीत गेलं असतं," असे त्या मुलीला, सृष्टीला, सांगत. मी फुशारून जाई.

वर्गात मी खुर्चीच्या पाठीवर असे. बाई फळ्यावर वातावरणाचे थर काढत. तळाशी तपांबर, त्यावर ओझोन सांभाळणारे स्थितांबर, मग मध्यांबर, आणि त्याहून वर विरळ होत गेलेली हवा. "आकाश एवढं उंच, पण आपल्या श्वासाला मिळतो तो सगळ्यात खालचा थर. त्याचाही तळ," त्या म्हणत. थंडीत सकाळी जमिनीलगतची हवा गार पडते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर खालीच कोंडतो, हे मी तिथेच ऐकले. एकदा त्या म्हणाल्या, "धुरातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे असतात. साध्या कापडातून ते आरपार जातात." त्या दिवशी माझा ताठा उतरला. बाईंनी मात्र तास संपल्यावर मलाच बांधले आणि घरी निघाल्या.

त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी रोज सकाळी पालापाचोळा पेटवत. त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्याही असत. डिसेंबरात एकदा बाईंनी स्कूटर थांबवली. सोसायटीचे अध्यक्ष सर्जेराव तिथेच खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते.

"अहो, हा धूर वर जात नाही. थंडीत खालीच साचतो. मला दम लागतोय."

सर्जेरावांनी पान उलटले. "मॅडम, आकाश काय आपल्या सोसायटीएवढं आहे का? आणि तुमच्याकडे स्कार्फ आहे की."

बाईंनी मला आणखी एक वेढा दिला आणि त्या निघाल्या. मित्रांनो, मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. त्यांच्या तक्रारीचे उत्तर म्हणून मला पुढे केले गेले होते.

त्या हिवाळ्यात त्यांचा खोकला रोज माझ्या आतल्या बाजूला आदळे. शिकवताना वाक्य अर्ध्यावर तुटू लागले. जानेवारीत एकदा त्या स्थितांबरापर्यंत पोचल्या आणि खडू हातात तसाच धरून खाली बसल्या. मुले घाबरून गेली.

डॉक्टरांनी दमा सांगितला. बाई म्हणाल्या, "पण मी रोज स्कार्फ बांधते."

"त्यानं जाड धूळ अडते, बाई. धुरातले बारीक कण नाही अडत."

हे त्यांनीच किती वर्षे मुलांना शिकवले होते. मार्चमध्ये त्यांनी क्लास सोडला. मी दाराच्या मागे खुंटीवर लटकत राहिलो. मला वाटले, निदान आता तरी माझी थोरवी संपली.

पण पुन्हा थंडी आली, आणि फाटकाशी ढीग पेटतोच आहे. सृष्टी शाळेला त्याच्याच बाजूने चालत जाते. आईला आता सगळे ठाऊक आहे, पण हाताशी दुसरे काही नाही, म्हणून ती मलाच लेकीच्या नाकावर घट्ट बांधते.

मित्रांनो, मला जपा, असे मी म्हणणार नाही. माझ्यावर विसंबू नका. तुमच्या फाटकाशी पेटलेला ढीग विझवा, पेटवणाऱ्याला अडवा, आणि कोणी स्कार्फकडे बोट दाखवले तर गप्प बसू नका. मी फक्त कापड आहे. कालपासून माझ्या आतल्या बाजूला सृष्टीचा खोकला लागतो आहे.