हिरव्या डोळ्याचा दिवा

वरमाईनं रुखवत पाहायला जायचं ते शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं, हे भागिरथेला कोणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं. एकुलत्या एका मुलाचं लग्न. आसेगावहून ट्रक भरून वऱ्हाड वाशीमला आणलेलं, अंगावर निळ्या काठाचं नवं पांढरं पातळ, मागे गावच्या सात-आठ बाया. सत्त्याहत्तर सालचा मे महिना, सकाळचे दहाच वाजलेले, तरी पत्रे तापले होते. मुलीच्या घरातल्या बैठकीत टेबलं मांडून त्यावर रुखवत लावलं होतं. भागिरथेनं मण्यांचा राजहंस पाहिला, लोकरीची बाहुली पाहिली, रंगीत शेवयांची परडी पाहिली आणि मान हलवली. ठीक आहे, असंच असतं सगळ्यांचं.

"थांबा वो, खरी चीज तं आता पाहाची आहे," नवरीची आत्या तुळसाबाई म्हणाली. शेवटच्या टेबलावर पांढऱ्या रुमालाखाली काहीतरी उभं होतं. "आमच्या पंचफुलानं सोताच्या हातानं केलं. वरीसभर लागली होती."

तिनं रुमाल ओढला. खाली पितळी बूड, वर तांब्याची वळलेली नळी, बाजूला दातेरी चाकं, मधोमध काचेच्या बुटक्या नळ्यांचं वर्तुळ, आणि या सगळ्यावर कंदिलाची काच. बायांना काही उमजेना. कोणी म्हणालं आगगाडीचं इंजिन आहे, कोणी म्हणालं दारूची भट्टी. सगळ्या खिदळल्या. मग तुळसाबाईनं बटन दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग एकेका नळीच्या पोटात निखाऱ्यासारखी लाल तार पेटत गेली. पितळ झळाळलं, चाकांच्या सावल्या भिंतीवर पडल्या. बायांची खिदळ थांबली. भागिरथेला एकदम आनंद झाला. असली गुणाची सून आपल्या घरी येणार म्हणून तिची छाती भरून आली, आणि ती पुढं होऊन वाकली.

तेवढ्यात सगळ्यात वरच्या नळीत हिरवा डोळा उघडला.

हा डोळा भागिरथा ओळखत होती. असले डोळे पुष्कळ रेडिओंना असतील, असं तिनं मनाला समजावलं. पण खाली पाहिलं तर दिव्याच्या बुडाला फिरवायच्या बटनाच्या जागी एक पितळी शेंबी बसवली होती. बैलाच्या शिंगाच्या टोकाला लावतात ती. कडेला खाच असलेली. आता मनाला समजावायला काही उरलं नाही. तिनं टेबलाची कड धरली.

असा रेडिओ साऱ्या मुलखात एकच होता, आणि तो तिच्या घरातला होता.

आसेगावात वीज आली त्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, जगदेवनं, एका बदली झालेल्या साहेबाकडून तो घेतला होता. संध्याकाळी अर्धी वस्ती अंगणात बसायची. स्टेशन नीट लागलं की हिरवा डोळा मिटत यायचा, आणि पोरं ओरडायची, लागलं, लागलं! एकदा त्याचं बटन हरवलं, तेव्हा जगदेवच्या धाकट्या भावानं, देवमननं, त्यांच्या मेलेल्या बापाच्या बैलाची शेंबी ठोकूनठाकून तिथं बसवली. दोघा भावांना त्या शेंबीचं फार कौतुक होतं.

मग त्र्याहत्तर सालची बुद्धपौर्णिमा आली. देवमनच्या मुलीचं बारसं त्याच दिवशी होतं. आदल्या दिवशी तो रेडिओ मागायला आला आणि जगदेव नाही म्हणाला. दोघं भर अंगणात भांडले. जाताना देवमन रागानं बोलून गेला, "एक दिवस हा रेडिओ तुह्या घरात राहनार नाही, पाहून घेजो."

दुसऱ्या दिवशी जगदेव मंगरूळपीरला गेला होता. घराला चुना झालेला, रेडिओवर चुन्याचे शिंतोडे. नवरा घुश्शात गेलाय, परतल्यावर त्याला रेडिओ चकचकीत दिसावा, एवढंच भागिरथेच्या मनात होतं. तिनं मागचा पुठ्ठा काढला. आतली पत्र्याची पेटी काळवंडलेली दिसली, आणि काळवंडलेलं भांडं कसं घासायचं हे काय तिला कोणी सांगायला हवं होतं? चिंच घेतली, राख घेतली. चांगला घासला, ओल्या फडक्यानं पुसला आणि लावून पाहिला. फट् आवाज झाला, धूर निघाला, आणि रेडिओ मेला.

भंगारवाला नेमका त्याच वेळी ओरडत आला. रेडिओ गेला आणि घरात एक जर्मनचा गंज आला, ॲल्युमिनियमचं पातेलं. त्या गंजात तिनं आजवर काही शिजवलं नाही. तो माळ्यावरच पालथा पडून आहे.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला काहीच सांगितलं नाही. सांगणारच होती, पण जगदेवनं विचारलंच नाही. रिकामा कोनाडा पाहिला आणि तो तडक भावाच्या दारात गेला. देवमन एकदाच म्हणाला, "म्या नाही नेला." आणि त्यानं भावाच्या मागे उभ्या असलेल्या भागिरथेकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. त्यानंतर तो काही बोलला नाही. अंगणात भिंत उठली. साऱ्या गावात देवमन रेडिओचोर झाला, आणि या लग्नाचं साधं बोलावणंही त्याच्या दारात गेलं नाही.

"आत्याबाई, बसा ना," कोणीतरी भागिरथेला म्हणालं. नवरी मुलगी, पंचफुला, पांढऱ्या साडीत समोर उभी होती. दिवा बघायला सासू एवढी वाकली, म्हणून बिचारीचा चेहरा उजळला होता. "मी सांगू कसा केला?"

भागिरथा टेबलाची कड धरूनच उभी राहिली.

"बूड आमच्या जुन्या स्टोचं आहे," पंचफुला सांगू लागली. "हे चाकं गजराच्या घड्याळातले. नळी मोटारपंपाची. अन् हे काचेचे व्हॉल्व्ह रेडिओतले. आता सारे ट्रान्झिस्टर घेतात, मोठे रेडिओ भंगारात चालले. बाबा म्हने, फेकून दे. म्या म्हटलं, इतका चांगला उजेड काहून फेकाचा?"

तिचे वडील पुंजाजी स्टेशनाजवळ रेडिओ दुरुस्त करत. ते दारातच उभे होते. लेकीचं बोलणं ऐकून कौतुकानं हसले.

"पन त्या रेडिओचे काय हाल होते, आत्याबाई! ट्रान्सफार्मर जळेल होता. थो बाबाईनं पुन्हा गुंडाळून देला. अन् आतून कोन्या येड्या, बह्याड बाईनं त्याले चिचेनं, राखेनं घासला होता. भांडंच समजली थे! दोन दिवस मी ब्रशानं राख काढत होती."

बाया पोट धरून हसल्या. भागिरथेलाही हसावं लागलं.

"अन् हे शेंबी मले सगळ्याईत आवडते. याले हात लावला का डोळा मिचकावते." पंचफुलानं बोट लावलं. हिरवा डोळा थरथरला. "चार महिन्याखाली एक जन दुकानात आले, आसेगावचेच म्हने. डाव्या करंगळीचं पेर नाही त्याईले. दिव्याकडे पाहतच राह्यले. मंग मले म्हने, पोरी, रुखवतात ठेवशीन तं हे शेंबी काढून टाक, दुसरं काही लाव. म्या म्हटलं, नाही काढत. तं म्हने, बरं बाई, आयकलं असतं तं बरं झालं असतं."

डाव्या करंगळीचं पेर देवमनचं गेलं होतं, कडबा तोडायच्या यंत्रात. म्हणजे त्याला ठाऊक होतं! भंगारवाल्याची सायकल त्याच्या शेताच्या धुऱ्यावरूनच गेली असणार. त्या संध्याकाळी तो तिच्याकडे जे पाहत होता, ते ठाऊक असून पाहत होता. चार वर्षं तो चोर म्हणून गावात फिरला, आणि वर वाशीमच्या दुकानात हा दिवा दिसल्यावर तिचीच खूण मिटवायला निघाला. पुढचं काही तिला सुचेचना. ही शेंबी काढायला हवी, आत्ताच्या आत्ता, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

तिनं हात पुढे केला, तोच मागून आवाज आला. "कोठी आहे थो दिवा? आमाले तं पाहू द्या."

जगदेव फेटा सावरत, हसत आत आला. बाया बाजूला झाल्या.

"मामाजी, इथं बोट लावा," पंचफुला म्हणाली.

त्यानं चष्मा लावला, वाकला, बोट पुढे केलं. बोट शेंबीपासून दोन अंगुळांवर थांबलं. हसू जागच्या जागी विझलं.

"हे कोठून आनलं?"

"भंगारातून घेतला होता रेडिओ, इवाई," पुंजाजी व्याह्यांना म्हणाले. "तीनेक वर्सं झाले."

"माह्या बापाच्या बैलाची शेंबी आहे हे. माह्या भावानं माह्या रेडिओले बसवली होती." जगदेवचा आवाज चढत गेला. "म्हंजे देवमननं तुमाले आनून देला तं! भंगार म्हने! चोराचा माल घेनारा कोन असते, इवाई?"

पुंजाजींचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यभर लोकांचे रेडिओ उघडून बसणारा माणूस, कोणाचा एक स्क्रू कधी इकडचा तिकडे केला नव्हता. पंचफुला घाबरून मध्ये पडली. "नाही मामाजी, कोनी आनून नाही देला. थे आसेगावचे करंगळीवाले तं शेंबी काढ असं सांगाले आले होते फक्त!"

"पाहा!" जगदेव बायांकडे वळून ओरडला. "खूण मिटवाले आला होता चोर! आता तरी पटलं का साऱ्याईले?" आणि मंडपाकडे तोंड करून त्यानं हाक मारली, "पंजाब! उठ तिथून. हे लगन होनार नाही."

मंडपातला गलका एकदम बंद पडला. नवरदेव पंजाब अर्धवट उभा राहिला. पुंजाजी हात जोडून नुसते उभे होते. पंचफुला आपल्या दिव्याकडे असं पाहत होती, जणू त्यानंच तिला दगा दिला. भागिरथेनं हे सगळं पाहिलं. तिला काहीच करायचं नव्हतं. पुन्हा एकदा गप्प बसायचं होतं, आणि त्यात तर ती चांगली मुरली होती. पण त्या वेळी एका माणसाचं नाव गेलं होतं, आज दुसऱ्या माणसाचं जात होतं, आणि ही पोर उगीच भरडली जात होती. भागिरथेला स्वतःची किळस आली.

"अवो," ती म्हणाली. "थे राखेनं घासनारी बह्याड बाई मीच आहो."

जगदेवला कळलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं. चिंच, राख, धूर, भंगारवाला, माळ्यावरचा गंज, सगळं. बोलताना थांबली असती तर पुन्हा बोलू शकली नसती, म्हणून थांबलीच नाही. "देवमन भाऊजीनं काही नाही नेलं. इवाईनं काही नाही केलं. म्या इकला, अन् म्या चूप राह्यली."

जगदेवनं चष्मा काढला. तो मारेल असं बायांना वाटलं, भागिरथेलाही वाटलं, आणि मारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"चार वर्सं?" तो एवढंच म्हणाला. मग पुंजाजींपुढे गेला, त्यांचे जोडलेले हात आपल्या हातांनी खाली केले. "इवाई, लगन लागन. पन देवमन आल्याबिगर नाही." तो ट्रकवाल्याला हाका मारत उन्हात निघून गेला.

अकराचं लग्न तीनवर गेलं. वरण थंड झालं, पोरं रडून झोपली. आसेगावच्या बायांपैकी एकही भागिरथेजवळ बसली नाही. पंचफुला तेवढी पाण्याचा गिलास घेऊन आली.

"आत्याबाई, मी तुमाले बह्याड म्हनली..."

"बरोबरच म्हनली, माय," भागिरथा म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

ट्रक आला. देवमन शेतातल्याच कपड्यांवर होता, सदऱ्याच्या गुंड्या वरखाली लागलेल्या. मागून उतरलेल्या जगदेवचे डोळे सुजले होते. देवमन सरळ बैठकीत आला, दिव्याकडे पाहिलं आणि नवरीला म्हणाला, "म्हनलो होतो ना पोरी, शेंबी काढ म्हनून."

लोक हसले. सकाळपासून दाबून धरलेलं हसू होतं ते, काहींच्या डोळ्यांत पाणीही आलं. त्या गलक्यात भागिरथा त्याच्याजवळ गेली. ती पाया पडायला वाकली, तसा तो मागे सरला.

"भाऊजी, तुमाले सारं ठाऊक होतं. बोलले काहून नाही?"

देवमननं शेंबीवरून अंगठा फिरवला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"तुमी सांगसान म्हनून वाट पाह्यली, वहिनी. वरीसभर पाह्यली. मंग सोडून देलं."

एवढं बोलून तो मंडपात गेला, आणि सगळ्यांसारखी त्यानंही ओंजळ पुढे करून वधूवरांवर टाकायची फुलं घेतली. लग्न लागलं तेव्हा भागिरथा मुलाच्या शेजारीच उभी होती. फुलं तिच्याही हातात होती, पण टाकायला हात उचलेना.